राजीनाम्याआधी तीन थकवे वेगळे करा

प्रश्न : एका स्थानिक दैनिकात १९ वर्षं छायाचित्रकार असलेल्या, पंचेचाळिशीतल्या वाचकाचं हे पत्र. दिवसाला तीन असाइनमेंट ठरलेल्या : उद्घाटन, बक्षीस समारंभ, सभा, सामने, मधूनच आग किंवा अपघात. ते लिहितात : ‘माझं खरं काम म्हणजे रात्रीचे पतंग. पानं छपाईला गेली की घरी परतताना दिव्यांखालच्या भिंतींवर बसलेल्या पतंगांचे फोटो मी सात वर्षं काढतोय. बाकी दिवसभर फीत कापणारे हात. हल्ली बातमीदारांनाच मोबाइलवर फोटो काढायला सांगतात. ११ हार्ड डिस्कवर १९ वर्षांचे फोटो पडून आहेत, त्यांची कुणाला गरज नाही. अपघाताचा फोटो काढून आलो की रात्री झोप लागत नाही, मग पतंग शोधत फिरतो. नोकरी सोडून पूर्णवेळ निसर्ग छायाचित्रण करावं असं वाटतं. घरचे थांब म्हणतात. सोडू का?’

उत्तर : तुमच्या मूळ पत्रात समारंभांच्या कंटाळ्यावर दोन पानं आहेत आणि अपघातावर एकच वाक्य. मला त्या एका वाक्यापासून सुरुवात करावीशी वाटते. कारण राजीनाम्याचा विचार नेमका तिथून आला असेल का, हे तुम्ही पत्रात कुठेच तपासलेलं नाही.

लांबच्या संकटाचे फोटो काढायला गेलेला छायाचित्रकार काम संपलं की तिथून निघून येतो. स्थानिक छायाचित्रकाराला ती सोय नसते. ज्या चौकात काल अपघात झाला त्याच चौकातून आज सामन्याला जायचं असतं, आणि ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरातली माणसं पुढच्या महिन्यात एखाद्या कार्यक्रमात समोर येतात. शिवाय तुमचं पाहणं एकदा होऊन थांबत नाही. घटनास्थळी एकदा, कार्ड उतरवताना दुसऱ्यांदा, निवड करताना पडद्यावर मोठं करून तिसऱ्यांदा, फोटोओळ लिहिताना चौथ्यांदा. यातलं निम्मं टाळता येतं. अपघातस्थळी आधी लांबून, रुंद फ्रेममध्ये जागा, वाहनं, गर्दी, बचावकार्य टिपा. बहुतेक वेळा छापायला योग्य फोटो हेच असतात. तिथेच कॅमेऱ्यात पाहून चार-पाच फोटोंना संरक्षणाची खूण करा आणि ऑफिसात तेवढेच उतरवा. चेहरे आणि जखमा शंभर टक्के मोठ्या करून फोकस तपासण्याची सवय या फोटोंपुरती मोडा. बाकीचं कार्ड बंद फोल्डरमध्ये जाऊ द्या. संपादकांकडे एक साधा नियम मागा : मागच्या अपघाताला जो गेला त्याला पुढच्या वेळी, दुसरं कुणी हजर असेल तर, पाठवायचं नाही. ही मागणी दुबळेपणाची नाही, कामाच्या आखणीची आहे.

अशा प्रसंगानंतर काही रात्री झोप बिघडणं, दृश्यं डोळ्यांसमोर येणं, मोठ्या आवाजाला दचकणं हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. महिना उलटूनही ते सुरू असेल, तुम्ही ठरावीक रस्ता टाळायला लागला असाल, घरात विनाकारण चिडचिड होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटा आणि ‘मी कामावर काय पाहतो’ हे सांगा. यावर परिणामकारक उपचार आहेत. जगणंच नकोसं वाटण्यापर्यंत गोष्ट गेली तर महिन्याची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि घरच्यांना सांगा.

आता पतंगांकडे या नजरेनं पाहा. अपघाताच्या रात्री तुम्ही त्यांच्याकडे जाता, कारण तिथे कुणी वाट पाहत नाही, कुणी फोटो मागत नाही, आणि दोन सेंटिमीटरच्या पंखांवर नजर खिळली की बाकी सगळं मागे पडतं. ते तुमचं औषध झालं आहे. उद्या घरखर्च त्याच पतंगांवर चालणार असेल, तर त्या रात्री तुम्ही कुठे जाल? तुमच्या पत्राचं उत्तर बऱ्याच अंशी या प्रश्नाच्या उत्तरावर ठरेल, म्हणून तो घाईनं सोडवू नका.

मला तुमच्या पत्रात तीन वेगवेगळे थकवे दिसतात : पाहिलेल्या गोष्टींचा, त्याच त्या समारंभांचा आणि आपली जागा जाईल या भीतीचा. तिन्ही एकत्र जाणवतात म्हणून उपाय एकच वाटतो, नोकरी सोडणं. पण नोकरी सोडल्यानं पहिला आपोआप बरा होत नाही आणि तिसरा तर वाढतोच.

समारंभांचं बोलू. ‘बाकी दिवसभर फीत कापणारे हात’ असं तुम्ही लिहिता, त्यात फीत हाच विषय आहे हे तुम्ही धरून चालला आहात. ती पानाची गरज आहे, तेवढी पुरी करा आणि पाठ फिरवा. वेळेच्या वीस मिनिटं आधी पोहोचा, दहा मिनिटं जास्त थांबा. आधीच्या वीस मिनिटांत खुर्च्या मांडणारी माणसं, माइक तपासणारा मुलगा, बक्षीस मिळणार की नाही या काळजीत बसलेली मुलं दिसतात. आणि प्रत्येक असाइनमेंटला एक सवय लावून घ्या : एक फ्रेम २४ ते ३५ मिलिमीटरवर, एफ ८ ला, म्हणजे भिंगाचं छिद्र (ॲपर्चर) लहान करून, मागचं सगळं स्पष्ट ठेवून. वृत्तपत्रात राहून आपल्याला एफ २.८ ला पार्श्वभूमी धूसर करायची सवय लागते, कारण लहान छापल्यावरही मुख्य माणूस उठून दिसतो. पण वीस वर्षांनी तो फोटो पाहणाऱ्याला पाहुण्यात रस नसेल, त्याला मागचा रस्ता हवा असेल. दुकानांच्या पाट्या, वाहनं, तारा, कपडे, अजून न पाडलेली इमारत. ही माहिती धूसर करून टाकणं हे स्थानिक छायाचित्रकाराकडून होणारं सर्वांत मोठं नुकसान आहे आणि ते टाळायला फक्त ॲपर्चरचं चाक फिरवावं लागतं. सभागृहात उजेड कमी पडला तर एफ ५.६ वर थांबा आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता, ६४०० पर्यंत न्या. थोडे दाणे आले तरी चालतील, माहिती गेली तर परत येत नाही.

सभागृहांवरून आठवलं, कारण या कारणानं फोटो वाया गेल्याची तक्रार अनेक वाचक करतात. दिव्यांखाली काढलेल्या फोटोंत आडवे काळसर पट्टे येतात किंवा लागोपाठ काढलेल्या दोन फोटोंचा रंग वेगळा येतो. ५० हर्ट्झच्या विजेवर अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/२५० किंवा त्याहून वेगवान शटरला त्या लुकलुकीचा एखादाच तुकडा मिळतो. शटर १/१०० किंवा १/५० वर आणा, ६० हर्ट्झ असेल तिथे १/१२५ किंवा १/६०. टाळ्या वाजवणारे हात त्या वेगाला हलतात, म्हणून हालचालीच्या उच्च बिंदूला, हात थांबतात त्या क्षणी बटण दाबा. कॅमेऱ्यात लुकलुक टाळण्याची सोय असेल तर ती चालू करून वेगवान शटर वापरता येतं. मागच्या मोठ्या एलईडी पडद्यांची लुकलुक मात्र या हिशेबात बसत नाही. तिथे कार्यक्रम सुरू होण्याआधी दोन-तीन वेग तपासून घ्यावे लागतात. वीस मिनिटं लवकर जायचं हेही एक कारण.

छापून आलेल्या फोटोवरून स्वतःच्या कामाची किंमत ठरवत असाल तर तेही थांबवा. वृत्तपत्राचा कागद शाई शोषतो, ठिपका पसरतो. मध्यम छटा छपाईत पाव भागाहून जास्त गडद होणं हे वृत्तपत्रीय छपाईत गृहीतच धरलेलं असतं, म्हणून सावल्यांतला तपशील बुजतो. पाठवायच्या प्रतीत मधल्या आणि गडद छटा थोड्या उजळ करा, चेहऱ्याच्या सावलीकडे विशेष पाहा. दुसरं, १५ सेंटिमीटर रुंद फोटो २०० पिक्सेल प्रति इंच या मापानं छापायला रुंदीत जेमतेम १,२०० पिक्सेल लागतात. तुमच्या २४ मेगापिक्सेलच्या फाइलची रुंदी ६,००० पिक्सेल असते. म्हणजे वाचकांनी तुमचा फोटो त्याच्या एक पंचमांश रुंदीत, गडद होऊन पाहिला. उरलेला तुमच्या डिस्कवर आहे.

मोबाइलच्या भीतीवर मी खोटा दिलासा देणार नाही. मे २०१३ मध्ये ‘शिकागो सन-टाइम्स’नं आपला २८ जणांचा सगळा छायाचित्र विभाग एका झटक्यात बंद केला, त्यात पुलित्झर मिळवलेले छायाचित्रकारही होते. कौशल्य असलं की जागा सुरक्षित, हे खरं नाही. पण डेस्कशी भांडून उपयोग होत नसतो. दिवसाच्या उजेडात उभ्या असलेल्या पाच माणसांचा फोटो बातमीदाराचा मोबाइल पुरेसा चांगला काढतो, हे मान्य करा आणि ते काम स्वतःहून सोडून द्या. संपादकांना अर्ध्या पानाची यादी द्या. अमुक प्रकारच्या कार्यक्रमांना मला पाठवू नका, त्या वेळात मी हे देईन : रात्रीचा सामना, मैदानाच्या पलीकडून टिपलेली घटना, पावसातलं काम, अंधारी सभागृहं, आणि दर आठवड्याला एका विषयावर पाच-सहा फोटो व दीडशे शब्द, पानावर लावायला तयार. डेस्कला तयार मजकुराची कायम गरज असते. बातम्या कमी असलेल्या दिवशी अर्धं पान भरून देणारा माणूस लक्षात राहतो. त्याबरोबर पहिला फोटो कॅमेऱ्यातून फोनवर आणि फोनवरून डेस्कवर दहा मिनिटांत पोहोचवायची तयारी ठेवा. मोबाइलचा खरा फायदा वेगाचा आहे, दर्जाचा नव्हे. तेवढी दरी भरली की तुलना तुमच्या बाजूनं झुकते.

आता ‘कुणाला गरज नाही’ असं तुम्ही ज्यांच्याबद्दल लिहिलंत त्या ११ डिस्क. माझा तुमच्याशी सर्वांत मोठा मतभेद इथे आहे.

एका गावाच्या किंवा शहराच्या १९ वर्षांची, जवळपास रोजची, तारीखवार छायाचित्रं एकाच नजरेतून टिपलेली असणं ही दुर्मीळ गोष्ट आहे. ती कुणी मागत नाही, कारण ती आहे हे कुणाला ठाऊक नाही, आणि असली तरी कशात काय आहे ते शोधता येत नाही. साधा हिशेब करा. वर्षाला अडीचशे दिवस, दिवसाला तीन असाइनमेंट, प्रत्येकी साठ फ्रेम. वर्षाच्या ४५,००० आणि १९ वर्षांच्या साडेआठ लाखांच्या आसपास. हा आकडा पाहून माणूस डिस्कला हात लावत नाही. पण जेपीईजीची फाइल सरासरी ६ एमबी धरली तर हे सगळं मिळून ५ टीबीच्या थोडंसं वर जातं, म्हणजे ८ टीबीच्या एका डिस्कवर आरामात मावतं.

पहिलं काम निवडीचं नाही, नकलेचं. ८ टीबीच्या दोन नव्या डिस्क घ्या, शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांच्या किंवा निदान वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या, म्हणजे एकाच सदोष खेपेतल्या निघायच्या नाहीत. सर्वांत जुनी डिस्क आधी उतरवा. सेकंदाला १०० एमबीच्या वेगानं सगळं उतरायला एकूण १४-१५ तास लागतात, जुन्या डिस्कवर त्याहून बरेच जास्त, म्हणून रात्री लावून ठेवा. नक्कल झाल्यावर पडताळणी करणारं सॉफ्टवेअर वापरा. फायलींची संख्या जुळली म्हणजे आतला मजकूर शाबूत आहे असं होत नाही. एखादी डिस्क टकटक आवाज करत असेल किंवा जोडल्यावर दिसत नसेल तर पुन:पुन्हा चालू करू नका, दुरुस्तीचं सॉफ्टवेअरही चालवू नका. दर वेळी आतला पृष्ठभाग आणखी खरवडला जाण्याचा धोका असतो. ती बंद करून माहिती परत मिळवून देणाऱ्या व्यावसायिकाकडे द्या. कपाटात ठेवून द्यायच्या प्रतीसाठी एसएसडी घेऊ नका, वर्षानुवर्षं वीज न मिळाल्यास तिच्यातली माहिती झिरपून जाऊ शकते. शेवटी तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत इंटरनेटवरच्या साठ्यात असली तरी चालेल.

मग पाहणं. एका वर्षाचे ४५,००० फोटो. लघुचित्रं रात्रीत तयार करून ठेवा. पडद्यावर एका वेळी शंभर, प्रत्येक पडद्याला दहा सेकंद. ४५० पडदे, ७५ मिनिटं. थांबत, रेंगाळत गेलात तरी एका वर्षाची पहिली फेरी तीन तासांत होते. या फेरीत एकच खूण करायची आणि प्रश्नही एकच विचारायचा : यात आज नसलेलं काही आहे का? चांगला फोटो कोणता हे आत्ता पाहू नका, नाहीतर छापून आलेलेच फोटो पुन्हा निवडले जातील. हजारात एक एवढ्या काटकसरीनं निवडलंत तरी शेवटी साडेआठशे फोटो उरतात.

त्या साडेआठशेंवर फोटोओळ लिहा, आणि ती फाइलच्या आत लिहा. वृत्तपत्रं आणि वृत्तसंस्थांच्या आयपीटीसी या संस्थेनं ठरवलेले माहितीचे रकाने जवळपास सगळ्या फोटो सॉफ्टवेअरमध्ये असतात : वर्णन, तारीख, स्थळ, छायाचित्रकार, हक्क. फोल्डरच्या नावात लिहिलेलं फोटो दुसरीकडे गेला की मागे राहतं, फाइलमध्ये लिहिलेलं बरोबर जातं. फक्त काही समाजमाध्यमं आणि संदेशाची ॲप ही माहिती पुसून टाकतात, म्हणून मूळ फाइल त्या वाटेनं पाठवू नका. नावं डावीकडून उजवीकडे. नाव आठवत नसेल तर अंदाज लिहू नका, ‘नाव माहीत नाही’ असंच लिहा. चुकीचं नाव एकदा चिकटलं की वर्षानुवर्षं निघत नाही. जुन्या तारखा पडताळायला छापील अंक उपयोगी पडतो. पण कॅमेऱ्याच्या घड्याळावर आंधळा विश्वास नको, बॅटरी संपून घड्याळ पहिल्या तारखेवर परत गेलेलं असण्याचा प्रकार प्रत्येक जुन्या संग्रहात सापडतो. आणि आजपासून रोजच्या कामाला पूर्ण फोटोओळ लिहायला लागा. मागचं साचलेलं हळूहळू उपसता येईल, पण नवं साचणं आधी थांबायला हवं.

आता पतंग. मी त्यांना छंद म्हणते आहे, पण कमी लेखण्यासाठी नाही. सात वर्षं, त्याच रस्त्यावर, त्याच भिंतींवर, रात्रीच्या साधारण त्याच वेळी. तुम्ही याकडे सुंदर फोटोंचा संग्रह म्हणून पाहता. पतंगांचा अभ्यास करणारा माणूस याकडे नोंदवही म्हणून पाहील, आणि ती सुंदर फोटोंपेक्षा दुर्मीळ आहे. जगात पतंगांच्या सुमारे १,६०,००० ज्ञात जाती आहेत, फुलपाखरांच्या १८,००० च्या आसपास. तरीही कॅमेरे फुलपाखरांकडेच जास्त वळतात. एखादी जात एका ठिकाणी कोणत्या आठवड्यात दिसायला लागते आणि कधी नाहीशी होते, हे सांगायला एकदाच सापडलेला दुर्मीळ पतंग कामाचा नसतो, दर आठवड्याला पाहिलेली तीच भिंत असते. आणि त्यासाठी लागणारी शिस्त तुम्ही नोकरीतच शिकलात : कोण, कुठे, केव्हा.

म्हणून तांत्रिक गोष्टींत थोडा बदल करा. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर १:१ मोठेपणाला, म्हणजे पतंग सेन्सरवर खऱ्या आकाराएवढा उमटतो तेव्हा, एफ ११ वर फोकसची खोली जेमतेम सव्वा मिलिमीटर मिळते. निम्म्या मोठेपणाला ती चार मिलिमीटरच्या जवळ जाते. तेव्हा मागे सरा, निम्म्या मोठेपणावर काढा आणि नंतर क्रॉप करा. एफ २२ च्या मोहात पडू नका, प्रकाशाच्या विवर्तनानं सगळाच फोटो मऊ होतो. सेन्सर पंखांना समांतर ठेवा. फ्लॅशबरोबर शटर १/२०० वर, आयएसओ २०० ते ४००, आणि फ्लॅशसमोर पतंगापासून वीसेक सेंटिमीटरवर अर्धपारदर्शक पांढरं प्लॅस्टिक. पंखांवरचे खवले चमकतात आणि उघड्या फ्लॅशनं रंगच निघून जातो. एका पतंगाचे चार फोटो काढा : वरून, बाजूनं, शृंगिकांचा (डोक्यावरच्या मिशांचा) जवळून, आणि शेजारी मोजपट्टी ठेवून. हात लावू नका, खवले निघतात. पांढरा पडदा आणि दिवा लावून बोलावत असाल तर पहाटेआधी दिवा बंद करा आणि पडद्यावरचे पतंग झाडीत सोडा, नाहीतर उजाडल्यावर पक्ष्यांना आयतं ताट मिळतं. अतिनील दिव्याकडे थेट पाहू नका, त्यासाठीचा चष्मा वापरा.

नोंदीत आणखी एक रकाना घाला : दिवा कोणता. पाऱ्याच्या वाफेच्या दिव्यातून अतिनील किरण जास्त येतात आणि पतंग मोठ्या संख्येनं येतात. पांढऱ्या एलईडीत ते जवळपास नसतात. तुमच्या रस्त्यावरचे दिवे या सात वर्षांत बदलले असतील तर पतंग घटल्यासारखे वाटतील आणि कारण नुसता दिवा असू शकेल. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदी टाकायच्या असतील तर जुन्या तारखांच्याही चालतात. नाव पक्कं नसेल तर कुळापर्यंत (फॅमिली) किंवा प्रजातीपर्यंतच (जीनस) थांबा. अनेक पतंगांची जात फोटोवरून ठरतच नाही, अंतर्गत अवयव पाहावे लागतात. परवान्याचा पर्याय मात्र वाचून निवडा. खुल्या परवान्याखाली दिलेली नोंद संशोधकांच्या जागतिक साठ्यापर्यंत जाऊ शकते, पण तो परवाना दिल्यावर त्या फोटोवरचा तुमचा ताबाही सैल होतो. विकायचा विचार असेल ते थोडे फोटो बाजूला ठेवा. जुलैच्या शेवटच्या पूर्ण आठवड्यात, २०१२ पासून, जगभर पतंगांचा सप्ताह पाळला जातो. तुमच्या दैनिकाला फोटो-पान द्यायला याहून चांगलं निमित्त नाही.

एवढं सगळं ‘सोडू नका’ म्हणण्यासाठी लिहिलेलं नाही. सोडणं हा खरा पर्याय आहे, पण तो नीट मोजून पाहावा लागतो. निसर्ग छायाचित्रणात नुसते फोटो विकून उत्पन्न होतं अशी कल्पना असेल तर ती आत्ताच काढून टाका. ज्यांचं चालतं त्यांचं बहुतेक शिकवण्यावर, सहलींवर, संस्थांनी सोपवलेल्या कामांवर चालतं, म्हणजे पुन्हा लोक, वेळापत्रक आणि ग्राहकाची पसंती. स्वतंत्र काम करायचं तर वर्षाला पैसे मिळणारे १०० दिवसच धरा, उरलेले दिवस काम मिळवण्यात, फोटो तयार करण्यात आणि बिलं मागण्यात जातात. वर्षाचा घरखर्च, विमा आणि साधनांची झीज यांची बेरीज त्या १०० नं भागा. एका दिवसाचा जो आकडा येईल तो द्यायला तुमच्या ओळखीतले तीन जण तरी तयार आहेत का, हे नावानिशी लिहा. साधनांची झीज खरी धरा : दीड लाख क्लिकची हमी असलेलं यांत्रिक शटर तुमच्या वेगानं सव्वातीन वर्षांत तिथवर पोहोचतं. कॅमेरा ऑफिसचा असेल तर तो खर्च आजवर तुम्हाला दिसलेलाच नाही. मधला मार्गही विचारून पाहा, आठवड्याला तीन दिवस किंवा अर्धा वेळ छायाचित्र संपादनाचं काम. अपघातांपासून थोडं अंतर मिळतं आणि १९ वर्षांची नजर वाया जात नाही.

पुढचे तीन महिने रोज एक ओळ लिहा : आज कशानं दमलो. अपघात, तोचतोचपणा की भीती. तीन महिने संपल्यावर खुणा मोजा. अपघात पुढे असेल तर डॉक्टर आणि असाइनमेंटची पाळी, भीती पुढे असेल तर डेस्कला द्यायची यादी. तोचतोचपणाच सर्वांत पुढे राहिला, वरचे बदल करूनही राहिला, आणि शंभर दिवसांचं गणित बसलं, तर सोडा आणि घरच्यांना ती वही दाखवा.

पण काहीही ठरवण्याआधी एक कागद. पगारावर असताना काढलेल्या फोटोंचे हक्क अनेक देशांत, करारात वेगळं लिहिलं नसेल तर, मालकाकडे जातात. तुमचं नियुक्तिपत्र काढून वाचा, कळत नसेल तर वकिलाला दाखवा. तुमच्या वेळेत, तुमच्या कॅमेऱ्यानं काढलेले पतंग सहसा तुमचेच, पण ऑफिसच्या कॅमेऱ्यानं काढले असतील तर तोही प्रश्न आताच मिटवा आणि यापुढे कार्ड वेगळं ठेवा. मग संपादकांना पत्र लिहा : निवडलेल्या अमुक फोटोंचं प्रदर्शन, पुस्तक आणि व्यक्तिगत संकेतस्थळ यांसाठी वापराची परवानगी हवी आहे, श्रेय दैनिकाचं आणि छायाचित्रकाराचं दोघांचं राहील, जाहिरातीसाठी वापर होणार नाही. शेवटची अट तुमच्याही बचावाची आहे, कारण बातमीसाठी टिपलेला चेहरा जाहिरातीत वापरायला त्या माणसाची वेगळी संमती लागते. लहान मुलांचे आणि शोकातल्या कुटुंबांचे फोटो यादीतून आधीच वगळा, कायदा परवानगी देत असला तरी. पत्र फोटोंच्या यादीसह द्या, तारीख घाला, पोच घ्या. आणि हे राजीनाम्याच्या आधी करा. तुम्ही रोज समोर असताना संपादक सही करतील. सोडून गेल्यावर ते पत्र कुणाच्या टेबलावर जाईल आणि तिथल्या माणसाला तुम्ही माहीत असाल की नाही, यातलं काहीच तुमच्या हातात राहणार नाही.